इरकली लुगडे : गावाचे नाव मिरविणारे वस्त्र

प्रवासाची आठवण म्हणून गावाचे नाव व चित्र छापलेले सदरे आज पर्यटनस्थळी सर्वत्र विकले जातात. त्यांपैकी पुष्कळांचे कापड तिरुप्पूरसारख्या दूरच्या केंद्रात तयार होते. छपाई बदलली की गावही बदलते! परंतु ज्याच्या विणीतच गाव आहे, असे एक वस्त्र गुंजी, खानापूर, बेळगाव, निपाणी या परिसरातील घराघरांत पूर्वापार नांदत आले आहे. इरकली लुगडे हे ते वस्त्र होय.

इळकल हे बागलकोट जिल्ह्यातील लहानसे गाव. त्याच जिल्ह्यात बदामीनजीक गुळेदगुड्ड आहे. देवीची ओटी भरताना नारळासोबत जो खण ठेवतात, त्याच्या विणकामाचे ते जुने केंद्र. बदामी, ऐहोळे व 1987 साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले पट्टदकल पाहावयास येणारा प्रवासी या दोन्ही गावांच्या अगदी जवळ येतो.

इरकली लुगड्याचे वैशिष्ट्य त्याच्या पदरात आहे. अंगाचे ताणे सुती किंवा रेशमी असतात, पदराचे मात्र रेशमी. हे दोन ताणे फासे घालून एकमेकांत अडकविले जातात. या रीतीस कन्नडमध्ये ‘टोपे तेणी’ म्हणतात. त्यामुळे विणकराला प्रत्येक लुगड्याचा ताणा स्वतंत्र तयार करावा लागतो. दहा-वीस लुगड्यांचा ताणा एकदाच चढवून मोकळे होण्याची सोय येथे नाही. लाल पदरावरील पांढरी नक्षी तर दुरूनही ओळखू येते. अशा लुगड्यावर काढले जाणारे कसुतीचे भरतकाम धागे मोजून करतात. त्यात गाठ मारीत नाहीत. गोपूर, रथ, पालखी, समई हे त्याचे नेहमीचे विषय. या भरतकामावर प्रस्तुत लेखकाच्या मते स्वतंत्र लेखच हवा.

एवढे श्रम ज्यात आहेत, ते वस्त्र यंत्रमागावरील नकलेच्या किमतीत मिळणे शक्य नाही. ग्राहक स्वस्त नक्कल ‘इरकल’ समजून घेतो आणि हातमागावरील विणकराच्या पोटावर पाय येतो. फ्रान्समध्ये शॅम्पेन प्रांताबाहेरील मद्यास ‘शॅम्पेन’ म्हणता येत नाही. आपल्याकडे हेच तत्त्व 1999 च्या भौगोलिक उपदर्शन अधिनियमाने आणले. तो 15 सप्टेंबर 2003 पासून अंमलात आला. इरकली साडी व गुळेदगुड्ड खण या दोहोंस त्याखाली मानांकन लाभले आहे. नोंदणी दहा वर्षांची असते व पुढे तिचे नूतनीकरण करता येते. मात्र हा कायदा नावाचे रक्षण करतो. तसेच दिसणारे कापड दुसऱ्या नावाने विकले गेल्यास त्यास तो आडवा येत नाही.

म्हणून पारख ग्राहकानेच करावयाची आहे. दुकानात लुगडे उलगडून अंग व पदर जेथे मिळतात ती जागा उलटसुलट पाहावी. फाश्यांची जोड तेथे दिसते. अंगाचेच ताणे सरळ पदरात गेलेले आढळल्यास ते टोपे तेणीचे लुगडे नव्हे. हातमागाचे अधिकृत चिन्ह आहे किंवा नाही, हेही दुकानदारास विचारावे.