म्युनिकच्या दक्षिणेचे डोंगर : कुणी कुठून सुरुवात करावी

टेगर्नझे गावाच्या डोक्यावरचा नॉयरॉयथ साडेबाराशे मीटरच्या थोडा वर आहे. ओबरआमरगाऊ गावामागचा कोफेल १३४२ मीटर. कागदावर दोघांत शंभर मीटरचाही फरक नाही. प्रत्यक्षात नॉयरॉयथवर सहा वर्षांचं मूल आणि साठीतली आजी जोडीने चढतात. कोफेलच्या शेवटच्या टप्प्यात मात्र लोखंडी तार धरून कातळ चढावा लागतो आणि दृष्टिभय असलेल्याचे पाय तिथे जागीच थिजतात. दक्षिण बव्हेरियात, म्हणजे आल्प्सच्या पायथ्याच्या रांगांत भटकायला निघणाऱ्याने सगळ्यात आधी हे मनात पक्कं करावं. उंचीच्या आकड्यावरून वाट निवडायची नाही.

महाराष्ट्रातून गेलेल्या भटक्यांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. म्युनिक आणि आसपास आता बरीच मराठी घरं आहेत, आणि त्यातल्या अनेकांनी कॉलेजच्या दिवसांत सह्याद्री पालथा घातलेला असतो. कळसूबाई १६४६ मीटर, इथले बरेचसे माथे सोळाशे ते अठराशे, मग काय मोठंसं, असा हिशोब सहज होतो. पण म्युनिक ४८ अक्षांशावर आहे. सतराशे मीटरच्या आसपास इथे झाडं संपतात, मे महिन्यात उत्तरेकडच्या घळींत बर्फ असतो आणि जुलैतही पावसाची सर आली की तापमान एकदम खाली येतं. शिवाय पायाखालचा दगड वेगळा. बसाल्ट ओला झाला तरी बुटाला बऱ्यापैकी धरून ठेवतो. इथला चुनखडक हजारो पावलांनी गुळगुळीत झालेला असतो आणि ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही.

या दगडातच इथल्या वाटांचा स्वभाव दडलेला आहे. म्युनिककडून येताना लागणारी पहिली रांग फ्लिशची, म्हणजे वालुकाश्म आणि मृदाश्माच्या आलटूनपालटून थरांची. हा दगड मऊ, लवकर झिजणारा. त्यामुळे डोंगर गोलसर, माथ्यापर्यंत जंगल किंवा कुरण, वाटा रुंद. इथला त्रास चिखलाचा, कड्यांचा नाही. त्यामागे दक्षिणेला चुनखडकाची आणि डोलोमाइटची रांग उभी राहते. तिथे धारा, सुळके, घसारा आणि तारा लावलेले कातळटप्पे येतात. नवख्याने पहिल्या रांगेत हिंडावं आणि पाय तयार झाले की दुसरीत शिरावं. निसर्गानेच हा क्रम लावून ठेवला आहे, तो उलटा करू नये.

दुसरा आधार पिवळ्या पाट्यांचा. प्रत्येक फाट्यावर पिवळी पाटी असते, तिच्यावर ठिकाणाचं नाव, लागणारा वेळ आणि एक रंगीत ठिपका. निळा ठिपका म्हणजे सोपी डोंगरवाट. लाल म्हणजे मध्यम : वाट अरुंद, चढ उभा, क्वचित तार, आणि घसरलात तर दुखापत होईल अशा जागा. काळा म्हणजे अवघड, तिथे हात वापरावे लागतात. ठिपकाच नसेल तर ती खोऱ्यातली साधी पायवाट. यात एक धोका आहे. हीच मंडळी पुढे स्वित्झर्लंडला जातात, आणि तिथे पांढरा-निळा-पांढरा पट्टा सगळ्यात अवघड वाटेला असतो. निळा म्हणजे सोपा ही सवय सीमेपलीकडे नेऊ नका. पाटीवर ‘नूर फ्यूर गेयूब्टे’ असं लिहिलेलं दिसलं तर ती वाट फक्त सराव असलेल्यांसाठी आहे. सोबत एकही नवखा असेल तर तिथून मागे फिरावं.

आता वाटा. अगदी सुरुवात करायची असेल, बाबागाडी असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील तर श्लियरझे तळ्याची प्रदक्षिणा करा. स्टेशनातून बाहेर पडलं की तळं समोरच. साधारण सात किलोमीटर, दोन तास, चढ जवळपास नाहीच. हिला कमी लेखू नये. डोंगर कसे उभे आहेत, ढग कुठून येतात, हे इथून नीट कळतं.

त्यानंतरची वाट मात्र मी प्रत्येकाला आग्रहाने सुचवतो : टेगर्नझे स्टेशन ते श्लियरझे स्टेशन, नॉयरॉयथवरून. टेगर्नझे गावातून चढ सुरू होतो, जंगलातून दीड तासात सुमारे पाचशे मीटर चढून आपण नॉयरॉयथच्या विश्रामगृहाशी येतो. अंगणातल्या बाकांवरून खाली सगळं टेगर्नझे तळं आणि मागे चुनखडकाच्या रांगा दिसतात. बहुतेक लोक इथूनच परत फिरतात. तुम्ही फिरू नका. पूर्वेकडे गिंडेलआल्मश्नाइडच्या १३३५ मीटरच्या गवताळ माथ्याकडे चला. या टप्प्यात चढ फारसा नाही, गर्दी विरळ होते आणि डोंगराच्या पाठीवरून चालण्याचं सुख मिळतं. माथ्याच्या खाली गिंडेलआल्मची कुरणं आहेत, उन्हाळ्यात तिथे गुरं असतात. मग जंगलातून श्लियरझेकडे उतार. सगळं मिळून चार ते पाच तास. पाऊस पडून गेला असेल तर फ्लिशचा चिखल घोट्यापर्यंत येतो, म्हणून साध्या कॅनव्हासच्या बुटांवर जाऊ नका.

ही वाट मला आवडते ती तिच्या सोयीमुळेही. गाडी आणलेल्याला गाडीपाशीच परत यावं लागतं, रेल्वेने येणारा एका खोऱ्यात चढून दुसऱ्यात उतरू शकतो. फक्त गाडीत बसताना लक्ष हवं. म्युनिकहून सुटणारी गाडी एकच असली तरी होल्झकिर्शेन आणि शाफ्टलाख इथे तिचे भाग वेगळे होतात : एक श्लियरझेवरून बायरिशत्सेलला, एक टेगर्नझेला, एक लेंगग्रीसला. डब्यावरची पाटी वाचूनच चढा. डॉइचलँड-टिकेट या गाड्यांत चालतं. ते नसेल तर बायर्न-टिकेटवर पाच जणांपर्यंतचा गट दिवसभर फिरू शकतो, मात्र कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर लागू होतं. शनिवार-रविवारी ही अट नाही.

भारतातून आई-वडील आले असतील तर वेंडेलश्टाइन. उंची १८३८ मीटर, पण ब्रानेनबुर्गहून दातेरी रुळांची रेल्वे १९१२ पासून वर जाते आणि बायरिशत्सेलच्या बाजूने ओस्टरहोफेनहून रोपवे आहे. वरच्या स्थानकापासून माथा बांधीव वाटेने सुमारे शंभर मीटर उंच, कठडे लावलेले. ज्यांना ते जमत नसेल त्यांना स्थानकाच्या गच्चीवरूनही आल्प्सच्या रांगा दिसतात. रोपवे आणि रेल्वे वसंतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास देखभालीसाठी बंद असू शकतात, तेवढं निघण्याआधी पाहून घ्या.

पाय तयार झाल्यावर रोटवांड. हा १८८४ मीटरचा, म्हणजे या लेखातला सगळ्यात उंच माथा, पण वाट सरळ आहे. फिशहाउझेन-नॉयहाउस स्टेशनहून बस श्पित्सिंगझेला नेते, तळं १०८४ मीटरवर. तिथून रुंद वाटेने रोटवांडहाउस या १७३७ मीटरवरच्या आल्पाइन क्लबच्या घरापर्यंत जायचं आणि शेवटचा थोडा चढ चढून माथा. आठशे मीटरचा चढ दमवतो, घाबरवत नाही. दम किती आहे हे कळायला याहून चांगली वाट नाही.

केसेलबेर्ग खिंडीतून १५६५ मीटरच्या योखबेर्गवर जाणारी वाट छोटी आणि उभी, साधारण सातशे मीटर चढ. कोखेलहून खिंडीत बस जाते. माथ्याजवळच्या कड्याकडून एकीकडे वाल्खनझे आणि दुसरीकडे त्याच्यापेक्षा दोनशे मीटर खाली असलेलं कोखेलझे अशी दोन्ही तळी दिसतात. याच दोनशे मीटरच्या फरकावर १९२४ पासून वीज तयार होते, सहा मोठे नळ डोंगरावरून खाली उतरलेले दिसतात. लहान मुलं असतील तर कड्याच्या बाजूला त्यांचा हात सोडू नका.

समोरच हेर्त्सोगश्टांड, १७३१ मीटर, आणि त्याला जोडलेला हाइमगार्टन, १७९० मीटर. हेर्त्सोगश्टांडवर वाल्खनझेहून रोपवे जातो, पुढे माथ्यापर्यंत चांगली वळणावळणांची वाट आहे. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग या डोंगरावर येऊन राहत असे. इथपर्यंत कुणीही यावं. मात्र तिथून हाइमगार्टनकडे जाणारी धार ही दुसरीच गोष्ट. रोटवांडपेक्षा शंभर मीटर कमी उंचीची, आणि तरी कितीतरी अवघड : दोन्ही बाजूंना उतार, मध्ये अरुंद वाट, जागोजागी तारा. कोरड्या दिवशी, सराव असलेल्याला ही धार आयुष्यभर पुरेल असा आनंद देते. ओल्यात किंवा विजा चमकत असताना तिच्यावर पाय ठेवू नये. रोपवेने आलेली माणसं धारेचा मोह धरून पुढे जातात आणि हाइमगार्टनहून खाली उतरायला अजून सुमारे हजार मीटर आहेत हे त्यांना उशिरा कळतं. कोफेल वेळेच्या दृष्टीने याहून छोटा, पण तारेवर हात स्थिर राहतो की नाही हे आधी दुसरीकडे पाहून मगच तिकडे जा.

वेळेचा हिशोब असा करतात. तासाला तीनशे मीटर चढ, पाचशे मीटर उतार आणि सपाटीला चार किलोमीटर. उंचीचा वेळ आणि अंतराचा वेळ वेगळे काढायचे, जो मोठा तो पूर्ण घ्यायचा आणि लहान त्याच्या निम्मा मिळवायचा. सहाशे मीटर चढ आणि चार किलोमीटर अंतर असेल तर दोन तास अधिक अर्धा तास. त्यात थांबे धरलेले नाहीत. मुलं सोबत असतील तर मी यात निम्म्याने वाढ करतो. हिशोब नेहमी परतीच्या शेवटच्या बसपासून मागे मोजावा. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो.

फ्लिशच्या डोंगरांत एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत हिंडता येतं, चुनखडकाच्या धारांसाठी जून उजाडू द्या. उन्हाळ्यात दुपारी वादळं होतात, म्हणून सकाळी लवकर निघून दुपारपर्यंत माथ्यावरून उतरायला लागावं. माझ्या मते ऑक्टोबर सगळ्यात उत्तम : हवा कोरडी, खोऱ्यात धुकं आणि वर लख्ख ऊन.

सॅकमध्ये पाणी दीड-दोन लिटर, पावसाचं जाकीट, एक उबदार थर आणि रोख पैसे, कारण वरच्या घरांत कार्ड चालेलच असं नाही. साप्ताहिक सुटीचा दिवसही आधी पाहावा. शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं, डाळीच्या सूपमध्ये सॉसेज आणि क्नोडेलमध्ये डुकराचं मांस बऱ्याचदा असतं. केझश्पात्सेनमध्ये आणि कायझरश्मारेनमध्ये अंडं असतंच. अंडंही चालत नसेल तर पाव-चीजवर भागवा. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असेल तर ती माथ्यावरच्या बाकावर खा, विश्रामगृहाच्या टेबलावर आपला डबा उघडत नाहीत.

कुरणांतली फाटकं उघडली तर मागे बंद करा. वासरू सोबत असलेल्या गायीपासून लांबून वळसा घ्या, फोटोसाठी जवळ जाऊ नका. बव्हेरियाचा बहुतांश भाग गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या धोक्याच्या यादीत आहे. त्याची लस मिळते, नेहमी भटकणाऱ्याने ती घ्यावी. घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत गोचीड पाहा.

म्युनिकमध्येच १८६९ साली स्थापन झालेल्या जर्मन आल्पाइन क्लबचं सभासदत्व इथे राहणाऱ्याने जरूर घ्यावं. वरच्या घरांत मुक्कामाचा दर कमी होतो आणि डोंगरातून सुटका करण्याचा खर्च पंचवीस हजार युरोपर्यंत विम्यात येतो. संकटात ११२ फिरवा. फोनला रेंज नसेल तर शिट्टीने किंवा टॉर्चने मिनिटात सहा वेळा खूण करा, एक मिनिट थांबा, पुन्हा सहा वेळा. समोरून मिनिटात तीन वेळा उत्तर आलं की समजा कुणीतरी ऐकलं आहे. तरीही खुणा चालूच ठेवा, मदत जवळ येईपर्यंत.