न झालेली कुस्ती : खाशाबा जाधव विरुद्ध राहुल आवारे

(बी. ए. भाग दोन)

गेल्या नागपंचमीला मी गावी गेलो होतो. आमचे गाव चिखली तालुक्यात. पूर्वी या दिवशी गावात कुस्त्यांची दंगल भरत असे. आता ती भरत नाही. पण जुनी माणसे मारुतीच्या पारावर जमतात आणि जुन्या कुस्त्या तोंडाने पुन्हा खेळतात. त्या दिवशी मी आजोबांना मोबाईलवर राहुल आवारेची एक कुस्ती दाखवली. आबांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरून ती शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "पोरगं चपळ हाये. पन खाशाबानं याले दोन मिनिटांत अस्मान दावलं असतं."

मी ताडकन म्हणालो, "आबा, आता कुस्ती बदलली. आजच्या मॅटवर खाशाबांना एक गुणसुद्धा मिळाला नसता."

झाले! पारावर दोन तट पडले. म्हातारे सगळे खाशाबांकडे, पोरे सगळी आवारेकडे. आवाज चढले, चहा निवला, निकाल मात्र लागला नाही. शेवटी आबा मला म्हणाले, "तू कॉलेजात शिकतं नं? मंग कोन जिकन ते तूच सांग. पन हिशेब मांडून सांग, नुसत्या गप्पा नको."

प्रस्तुत लेख म्हणजे तो हिशेब होय.

असा वाद केवळ आमच्या पारावरच होतो असे नाही. अमेरिकेत बास्केटबॉलचे रसिक मायकेल जॉर्डन श्रेष्ठ की लेब्रॉन जेम्स, यावर रात्री जागवतात. आपल्याकडे गावसकर की तेंडुलकर हा प्रश्न वर्गात काढला तर तास बुडतो. परंतु सांघिक खेळात दहा सबबी सांगता येतात. कुस्तीत दोनच माणसे समोरासमोर असतात. म्हणून या प्रश्नाचा विचार कुस्तीवरून केल्यास तो अधिक स्वच्छ होईल असे मला वाटते.

जोड बरोबरीची आहे काय?

आखाड्यात कुस्ती लावण्यापूर्वी पंच जोड पाहतात. आपणही प्रथम तेच पाहू.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर येथे झाला. वडील पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलो गटात सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकी येथे ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

राहुल बाळासाहेब आवारे हे बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे. त्यांचेही वडील पैलवान. पुण्याला हरिश्चंद्र बिराजदार आणि पुढे काका पवार यांच्या हाताखाली ते तयार झाले. २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ५७ किलो गटात कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात त्यांना कांस्यपदक मिळाले.

दोघेही पैलवानाचे पुत्र, दोघेही खेड्यातून वर आलेले, दोघेही पुढे पोलीस खात्यात अधिकारी झाले. पदक जिंकले तेव्हा दोघांचेही वय सव्वीस वर्षांचे होते आणि दोघांचाही गट ५७ किलोचा. मध्ये अंतर आहे ते सहासष्ट वर्षांचे. याहून बरोबरीची जोड शोधूनही सापडणार नाही.

वजनाचा काटा

परंतु १९५२ चे ५७ किलो आणि आजचे ५७ किलो एकच आहेत काय? काट्यावर आहेत, आखाड्यात नाहीत.

आजचा पैलवान बहुधा आपल्या गटापेक्षा जड असतो. स्पर्धेच्या आधी तो घाम गाळून, पाणी तोडून वजन उतरवतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच ५७ किलो गटात अमन सेहरावत याला कांस्यपदक मिळाले. उपांत्य कुस्ती हरल्यानंतर त्याचे वजन साडेएकसष्ट किलोपर्यंत गेले होते. दुसऱ्या दिवशीच्या वजनासाठी दहा तासांत त्याने ४.६ किलो वजन उतरवले. म्हणजे रात्री त्याच्याशी झुंजायचे असते, तर समोर ५७ किलोचा नव्हे, साडेएकसष्टचा गडी उभा राहिला असता! त्याच स्पर्धेत विनेश फोगट केवळ शंभर ग्रॅमने जास्त भरली आणि अंतिम कुस्तीला मुकली, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे. वजन उतरवणे हे आता जवळजवळ एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. जुन्या पैलवानांना वजन वाढवण्याची विद्या अधिक ठाऊक होती. दूध, तूप, बदाम, जोर, बैठका हा त्यांचा अभ्यासक्रम.

तेव्हा समान वजनातही आवारेंचा हाड-पेरा थोडा मोठा धरावा लागेल. हिशेबात हा पहिला आकडा त्यांच्या बाजूला मांडू.

पंधरा मिनिटे आणि सहा मिनिटे

दुसरा प्रश्न नियमांचा. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

हेलसिंकीत कुस्ती पंधरा मिनिटांची होती. चितपट झाली तर प्रश्नच नाही; न झाल्यास तीन पंच आपला कौल देत. एखाद्याने सुरुवातीला दोन डाव खाल्ले तरी दमाने खेळून, प्रतिस्पर्ध्याला थकवून, शेवटच्या मिनिटांत बाजी फिरवायला त्याला अवकाश होता.

आज कुस्ती सहा मिनिटांची आहे. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा घेतला की दोन गुण, वर्तुळाबाहेर पाऊल टाकायला लावले तरी एक गुण, मोठी फेक केली तर चार किंवा पाच. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. स्वस्थ उभे राहणाऱ्याला पंच ताकीद देतात आणि तीस सेकंदांत गुण मिळवायला सांगतात. आवारे-ताकाहाशी कुस्तीत सहा मिनिटांत मिळून बावीस गुण झाले, यावरून आजच्या कुस्तीचा वेग लक्षात येईल.

माझ्या मते हे दोन नियम म्हणजे दोन निराळे खेळ आहेत. चारशे मीटर धावणारा आणि पाच हजार मीटर धावणारा यांत श्रेष्ठ कोण, असे आपण विचारत नाही. कुस्तीत मात्र विचारतो, कारण दोन्ही खेळांचे नाव एकच राहिले आहे.

खाशाबांचा ढाक प्रसिद्ध होता. मान आणि हात बगलेत दाबून, कमरेच्या हिसक्याने समोरच्याला उलथवायचे, असा हा डाव. आजच्या नियमांत अशी फेक भरघोस गुण देऊन जाते. तेव्हा "एक गुणसुद्धा मिळाला नसता" हे माझे पारावरचे विधान निव्वळ अज्ञानाचे होते, हे येथे कबूल करतो.

कुस्तीच्या मागचे हात

आता तिसरा प्रश्न. मॅटवर पैलवान एकटा दिसतो; तिथवर तो एकटा पोहोचत नाही.

खाशाबा मातीत वाढले. लंडनला जाण्यापूर्वी त्यांना मॅटची सवय नव्हती. त्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. हेलसिंकीच्या वेळी तेही साधन नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. आणि ते ज्या राजाराम महाविद्यालयात शिकत, तेथील प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी प्राचार्यांनी घर गहाण ठेवावे, ही गोष्ट महाविद्यालयाच्या वार्षिकात पुन्हा पुन्हा छापण्याजोगी आहे.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवले. जपानच्या शोहाची इशीशी झालेली त्यांची झुंज लांबली आणि ते हरले. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. परंतु ती मागून घ्यायला भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. थकल्या अंगाने त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममेदबेकोवशी खेळावे लागले आणि तीही कुस्ती गेली. इशीला सुवर्ण मिळाले, ममेदबेकोवला रौप्य. म्हणजे खाशाबा हरले ते केवळ त्यांच्या वर उभ्या राहिलेल्या दोघांकडून.

येथे एक योगायोग नोंदवतो. हेलसिंकीत जपानला एकच सुवर्णपदक मिळाले, ते इशीचे. बहात्तर वर्षांनी पॅरिसमध्ये अमन सेहरावतला उपांत्य फेरीत हरवणारा रेई हिगुची हाही जपानचाच आणि त्यानेही त्या गटाचे सुवर्ण नेले. जपानने तो धडा पुढेही गिरवला. आपण मात्र खाशाबांची मिरवणूक शंभराहून अधिक बैलगाड्यांनी काढली आणि मग दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत, थांबलो. कुस्तीतले दुसरे पदक २००८ साली सुशील कुमारने आणले. महाराष्ट्राला तर २०२४ साली स्वप्निल कुसाळेचे नेमबाजीतील पदक येईपर्यंत बहात्तर वर्षे वाट पाहावी लागली.

आवारे यांचा मार्ग सोपा होता असे मुळीच नव्हे. तरी त्यांना मॅट, जाणते वस्ताद, राष्ट्रीय शिबिरे मिळाली. प्रतिस्पर्ध्याच्या कुस्त्या आधी चित्रफितीवर पाहता आल्या. आणि आणखी एक गोष्ट मिळाली, ती कोणत्याही जमाखर्चात लिहिलेली नसते. मराठी मुलाला ऑलिंपिकचे पदक मिळू शकते, हे त्यांना जन्मापासून ठाऊक होते. खाशाबांना ते ठाऊक नव्हते. त्यांच्यापुढे कोणीच नव्हते.

तीन सामने

आता निकाल. मी तीन सामने लावून पाहतो.

पहिला सामना : आवारे १९५२ च्या हेलसिंकीत. पंधरा मिनिटे, तीन पंच. पहिल्या पाच मिनिटांत आवारे पुढे राहतील. पण त्यांचा दम सहा मिनिटांसाठी घडवलेला आहे. दहाव्या मिनिटानंतर ढाकेला संधी मिळेल. माझा कौल खाशाबांना.

दुसरा सामना : खाशाबा २०१८ च्या गोल्ड कोस्टमध्ये. पायाला हात घालून पट काढण्याचा आजचा वेग आणि मोठा हाड-पेरा यांपुढे त्यांना सावरायला वेळ मिळणार नाही. माझा कौल आवारे यांना.

तिसरा सामना : दोघे एकाच साली जन्मले, एकाच तालमीत वाढले, एकच खुराक खाल्ला. पण मग ते खाशाबा आणि आवारे राहतच नाहीत. गोळेश्वरची माती आणि ती गहाण पडलेली वास्तू काढून घेतली तर खाशाबा उरतात कोठे? हा सामना लावताच येत नाही.

म्हणून माझा निष्कर्ष असा. कोण कोणाला हरवील, हे नियम सांगितल्याशिवाय सांगता येत नाही. कोण किती लांबून चालत आला, हे मात्र सांगता येते. आणि त्या मापाने मी खाशाबांना वर ठेवतो. नंतर येणाऱ्याला आधीच्याने पाडलेली वाट आयती मिळते. त्या वाटेवरून तो पुढे गेला, तर तो त्याचा पराक्रम आहेच. पण वाटेचे श्रेय त्याने स्वतःच्या नावावर मांडू नये.

आबांचा हिशेब

हे लिहिताना मला माझ्याच उत्तराची लाज वाटली. पारावर मी खाशाबांविषयी बोललो खरा, पण मनात आबा होते. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. आबा चौथीपर्यंत शिकले. त्यामुळे मी त्यांच्या पुढे गेलो आहे असे मला नकळत वाटू लागले होते.

आबा तरुणपणी पंचक्रोशीत नावाजलेले होते. नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात करून ते शेवटच्या इनामी कुस्तीपर्यंत पोहोचले होते. मग १९७२ चा दुष्काळ आला. म्हैस विकली. खुराक तुटला. आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले आणि मिळणाऱ्या सुकडीवर घर जगले. पुन्हा ते आखाड्यात उतरले नाहीत. ही गोष्ट मला त्यांनी नव्हे, आजीने सांगितली. माझ्या पहिल्या वर्षाची फी त्याच हातांनी वेचलेल्या कापसाची होती.

दिवाळीत मी हा हिशेब आबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "म्हंजे तू कोनालेच पाडलं नाई." मग म्हणाले, "ते कुस्ती लाव बरं पुन्हा."

मी लावली. एका ठिकाणी त्यांनी बोटाने थांबवायला सांगितले. आवारे प्रतिस्पर्ध्याच्या पायात शिरले होते. "पाय, पट काढताना डोकं कुठं ठेवलं पोरानं. आमी बाहेर ठेवत होतो, म्हून मान सापडे. हे आमाले कोनी दावलं नाई."

एवढे बोलून त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि बैलांना चारा टाकायला गेले. दुसऱ्या सामन्याचा माझा कौल त्यांना मान्य झाला, असे मी त्यावरून समजतो. पहिल्याविषयी ते काही बोलले नाहीत. तो त्यांना आधीपासूनच मान्य होता.

हिशेब येथे पुरा होतो. चूकभूल द्यावी घ्यावी.