पाण्याची वेळ

कोकणातील नद्यांचा स्वभाव देशावरील नद्यांहून निराळा आहे. देशावरील नदी सदैव एकाच दिशेने वाहते. कोकणातील नदी मात्र समुद्राजवळ आली, की दिवसातून दोनदा मागे फिरते. भरतीच्या वेळी समुद्राचे खारे पाणी तिच्या मुखातून आत शिरते व दूरवर वर चढत जाते. ओहोटी लागली, की तेच पाणी वेगाने समुद्राकडे परतू लागते. नदीच्या या भागास खाडी म्हणतात. खाडीवर ज्याला पोट भरावयाचे, त्याला हातातील वल्ह्याइतकीच पाण्याच्या वेळेची ओळख असावी लागते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कर्ली ही अशीच एक नदी आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर आला, तरी ती त्यास लगेच मिळत नाही. तारकर्लीपासून देवबागपर्यंत वाळूच्या एका अरुंद पट्टीआडून ती समुद्राच्या सोबतीने वाहत जाते आणि पट्टीच्या टोकाशी त्यास मिळते. पट्टीवर माडांच्या बागा व मच्छीमारांची घरे आहेत. घराच्या एका अंगास लाटांची गाज ऐकू येते, तर दुसऱ्या अंगास नदी शांतपणे वाहत असते.

तेथील एका वृद्ध तांडेलाकडे त्याचा भाचा मुंबईहून आला होता. त्याने सोबत एक कयाक आणली होती. कयाक म्हणजे एका माणसापुरती लांबट, निमुळती व हलकी नाव. ती दोन्ही टोकांस पाते असलेल्या वल्ह्याने चालवितात. ही नाव मूळची ग्रीनलंडसारख्या हिमप्रदेशातील इन्युइट लोकांची. तेथे झाडे नाहीत. म्हणून समुद्राने वाहून आणलेल्या लाकडांचा व हाडांचा सांगाडा करून ते त्यावर सीलचे कातडे ताणून बसवीत. ज्याची नाव, त्याच्याच शरीराच्या मापाने ती बांधली जाई. हल्लीच्या कयाकी बहुधा प्लॅस्टिकच्या असतात. परंतु आकार तोच आहे.

“मामा, उद्या पहाटे गरवायला जाऊ या का?” भाच्याने विचारले. गळाने मासे धरण्यास तिकडे गरवणे म्हणतात.

“उद्या तिथी कोणती?” तांडेलाने उलट विचारले.

“द्वादशी.”

“मग भरती नऊ वाजता. साडेसहाला निघू.”

भाच्यास नवल वाटले. तेव्हा तांडेलाने त्यास वाडवडिलांपासून चालत आलेला हिशेब सांगितला. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीची वेळ साधारणपणे निघते. बारांची पाऊणपट नऊ. तेथून सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकीच पुढे जाते. पौर्णिमेस व अमावास्येस सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकत्र येते व पाण्यास उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती ओढ विभागते व भांगाची, म्हणजे लहान भरती येते.

दुसऱ्या दिवशी दोघे निघाले. तांडेल आपल्या होडीत, भाचा कयाकीत. भाच्याने अंगात तरंगते जाकीट घातले होते व कमरेस सुरी बांधली होती. भरतीचे पाणी वर चढत होते, त्यामुळे वल्हे नुसते टेकवले तरी नावा पुढे सरकत. दोन्ही तीरांवर कांदळवन दाट झाले होते. चिखलातून वर आलेल्या मुळांवर खंड्या पक्षी टपून बसले होते. या वनांतील पांढरी चिप्पी हिला महाराष्ट्राने २०२० साली राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. भरतीबरोबर मासे या मुळांमध्ये चरावयास येतात. त्यांची पिल्लेही येथेच आसरा घेतात. ओहोटी लागली, की लहान मासळी ओहळांतून बाहेर पडते आणि ओहळांच्या तोंडाशी मोठे मासे तिची वाट पाहत असतात.

नऊच्या सुमारास पाण्यावर वाहणारे एक पिवळे पान संथ झाले, जागीच थांबले आणि थोड्या वेळाने आल्या वाटेने परत निघाले. “पाणी फिरले,” तांडेल म्हणाला. “आता खाली जात जात गरवू. पण एक ध्यानात ठेव. पुनव तीन दिवसांवर आली आहे, ओहोटीला जोर असणार. घरचा धक्का आला, की गळ आत.”

कोळंबीचे आमिष लावून दोघांनी ओहळाच्या तोंडाशी गळ टाकले. तांडेलास तीन तांबोशी मिळाल्या. भाच्यास एकही मिळाली नाही. असे करीत दोघे घराजवळ आले. तांडेलाने होडी धक्क्यास लावली. तेवढ्यात भाच्याच्या दोरीस जबर हिसका बसला. काठी वाकली, दोरी पाणी कापीत धावू लागली.

मासा मोठा होता. तो खोल पाण्याकडे ओढ घेत होता आणि हलकी कयाक त्याच्यामागे जात होती. भाच्याची दृष्टी दोरीवर खिळली होती. तीरावरून तांडेलाने हाक मारली, ती त्याने ऐकली. पण सकाळभर रिकामा राहिलेला हात आता आलेला मासा सोडावयास तयार होईना. आणखी थोडे, आणखी थोडे, असे करता करता लाटांचा आवाज एकाएकी मोठा वाटू लागला. त्याने मान वर केली. धक्का पुष्कळ मागे राहिला होता. समोर नदीचे मुख होते आणि तेथील वाळूच्या दांड्यावर समुद्राच्या लाटा पांढऱ्या होऊन फुटत होत्या.

त्याने कयाक वळवून वल्हे मारण्यास प्रारंभ केला. कयाक तसूभरही पुढे सरकेना. एकीकडे मासा ओढीत होता, दुसरीकडे ओहोटी. तेव्हा वाऱ्यावरून तांडेलाचा आवाज आला, “झिला, पाण्यावांगडा झगडू नको! तिरपो काठाक ये!”

भाच्याने एकवार वाकलेल्या काठीकडे पाहिले. मग कमरेची सुरी काढली आणि दोरी कापली. काठी सरळ झाली. नदीच्या मध्यावर प्रवाहास जोर असतो, काठालगत तो मंद होतो. म्हणून प्रवाहाच्या उलट न जाता त्याने कयाकीचे तोंड तिरपे केले व तो काठाकडे सरकू लागला. वाहत तो अजूनही खालीच होता. परंतु प्रत्येक वल्ह्यासरशी काठही जवळ येत होता. अखेरीस मुखाच्या अलीकडे कयाकीचा तळ वाळूस टेकला. तेथून गुडघाभर पाण्यातून ती ओढीत तो धक्क्याकडे चालत आला. त्याचे हात थरथरत होते.

तांडेल रागे भरला नाही. त्याने आपल्या तीन तांबोशींपैकी एक भाच्याच्या पुढे ठेवली. “मासो उद्या परत गावतलो,” एवढेच तो म्हणाला. मग जाळीची टोपली उचलीत त्याने विचारले, “उद्या तेरस. भरती किती वाजता?”

भाच्याने क्षणभर हिशेब केला.

“पावणेदहाला, मामा.”

स्वाध्याय

१. कोकणातील नदी देशावरील नदीहून निराळी कशी, ते लिहा.
२. भाच्याने दोरी का कापली? ती कापण्यास त्याला उशीर का झाला?
३. चतुर्थीस भरती साधारणपणे किती वाजता येईल, ते पाठातील हिशेबाने काढा.
४. ‘पाण्याशी भांडू नये’ या बोधाचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.