पिस्तुलाखालचा दिवा: आधी खटका पाहा, मग उजेड

ऑक्टोबर 2010 मध्ये टेक्ससमधल्या प्लेनो शहरात एका पोलीस अधिकाऱ्याने अमली पदार्थांच्या प्रकरणातल्या संशयितावर पिस्तूल रोखलं. पिस्तुलाखाली दिवा होता आणि त्याचा खटका मुठीच्या पुढच्या बाजूला, चापाभोवतीच्या कडीच्या अगदी खाली. दिवा लावायला गेलो आणि गोळी सुटली, असं त्या अधिकाऱ्याने सांगितलं. संशयित ठार झाला. पुढे डेन्व्हरच्या पोलीस प्रमुखांनी अशा जागी खटका असलेले दिवे वापरायला बंदी केली.

डॅलसच्या उत्तरेच्या या भागात आज बरीच मराठी कुटुंबं राहतात. त्यांतलेच एक अभियंता रोज कंबरेला ग्लॉक 19 बाळगतात. 1 सप्टेंबर 2021 पासून टेक्ससमध्ये 21 किंवा त्याहून जास्त वयाच्या पात्र व्यक्तीला त्यासाठी परवानाही लागत नाही, म्हणजे सक्तीचं प्रशिक्षणही नाही. नव्याने दिवा घेणाऱ्या प्रत्येकाला ते आधी प्लेनोची ही घटना सांगतात, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या मते खटका चापाच्या कडीच्या पुढे, दिव्याच्या मागच्या टोकाला असावा आणि शक्यतो मोकळ्या हाताच्या अंगठ्याने दाबावा. चापाच्या बोटाला दुसरं काम देऊ नये. स्ट्रीमलाइट कंपनीच्या टीएलआर-7 या दिव्यावर खटके दोन्ही बाजूंना होते, ते आत दाबावे लागत. टीएलआर-7ए मध्ये ते मागे आले आणि हाताळणी बरीच सुधारली.

दुकानात मात्र पहिला प्रश्न ल्युमेनचा असतो. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड. तो समोर किती एकवटून पडतो ते कँडेला सांगतं. शुअरफायरचा एक्स300 अल्ट्रा आणि स्ट्रीमलाइटचा टीएलआर-1 एचएल, दोन्ही 1000 ल्युमेनचे. पहिल्याचे कँडेला 11,300, दुसऱ्याचे 20,000. पण हे दोन्ही मोठे दिवे आहेत. शर्टाखाली दडवायच्या पिस्तुलाला 500 ल्युमेनचा, एका सीआर123ए सेलवर चालणारा टीएलआर-7ए पुरे होतो. सिग पी365 किंवा ग्लॉक 43एक्स एमओएससारख्या चिंचोळ्या पिस्तुलांची दिवा बसवायची पट्टी वेगळी असते, त्यांना त्यांच्याच मापाचा दिवा लागतो.

त्या अभियंत्यांना खरा धडा मिळाला तो होल्स्टरमुळे. दिवा बसवल्यावर जुन्या होल्स्टरमध्ये पिस्तूल जाईना. तेव्हा एका विक्रेत्याने ‘कुठल्याही दिव्याला चालेल’ म्हणून एक होल्स्टर त्यांच्या गळ्यात मारलं. त्याचं तोंड ऐसपैस होतं. एकदा पिस्तूल आत सरकवताना काहीतरी अडल्यासारखं वाटलं, म्हणून ते थांबले आणि खाली पाहिलं. जॅकेटची नाडी फटीतून थेट चापाच्या कडीत शिरली होती. आणखी थोडा जोर लावला असता तर गोळी मांडीत गेली असती.

दिवा नळीपेक्षा रुंद असला की होल्स्टरचं तोंडही तेवढंच रुंद करावं लागतं आणि चापाशेजारी जागा उरते. म्हणून होल्स्टर नेमकं आपल्या पिस्तुलाच्या आणि आपल्या दिव्याच्या जोडीसाठी घडवलेलं हवं. रिकामं पिस्तूल आत ठेवून बोटाने चाचपावं. बोट चापापर्यंत पोचत असेल तर ते होल्स्टर तिथेच परत करावं. त्या जोडीचं चांगलं होल्स्टर मिळत नसेल, तर दिवाच दुसरा निवडावा.

आणखी एक धोका फारसा बोलला जात नाही. टीएलआर-7 मालिकेत सेल पुढून बदलतात, म्हणजे हात नळीच्या तोंडाशी जातो. दिवा बसवताना, काढताना, सेल बदलताना मॅगझिन बाहेर, कक्ष रिकामा, आणि हे दोनदा तपासलेलं असलंच पाहिजे. नंतर मैदानावर दिव्यासकट गोळ्या झाडून पाहाव्यात, स्क्रू ढिला पडतो का ते बघावं आणि काचेवर साचलेली काजळी पुसावी.

पिस्तुलाचा दिवा जिकडे वळतो तिकडे नळीही वळते. अंगणात खुडबुड करणारा चोर आहे की रात्री उशिरा परतलेला घरचाच मुलगा, हे पाहायला नळी त्याच्याकडे वळवायची नसते. त्यासाठी वेगळी टॉर्च खिशात हवीच. पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर आधी ती टॉर्च घ्या.