जुन्या बंदरांची ओळख

समुद्रमार्गाने देशोदेशी फिरणाऱ्या प्रवाशाला प्रत्येक नगर पाहण्यास फार थोडा अवधी मिळतो. सकाळी बोट नांगर टाकते आणि सायंकाळी पुढील प्रवासास निघते. मधल्या सहा-सात तासांत त्या नगराची शेकडो वर्षांची कहाणी समजून घ्यावयाची असते. अशा वेळी चाणाक्ष प्रवासी तीन प्रश्न मनाशी धरून किनाऱ्यावर उतरतो. पूर्वी येथे जहाजे कोठे लागत? माल कोठे साठवीत? आणि बंदरावर पहारा कोठून ठेवीत?

युरोपच्या उत्तरेस नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्क हे देश आहेत. दर उन्हाळ्यात तेथील जुन्या बंदरांत प्रवाशांच्या मोठमोठ्या बोटी येतात. डेन्मार्कच्या राजधानीचे नाव कोपनहेगन. त्या देशाच्या भाषेत या नावाचा अर्थच मुळी ‘व्यापाऱ्यांचे बंदर’ असा आहे. नॉर्वेतील बर्गन हे नगर सुक्या मासळीच्या व्यापारावर वाढले. तेथे धक्क्यासमोर जर्मन व्यापाऱ्यांच्या लाकडी वखारींची रांग होती. 1702 साली मोठी आग लागून ती भस्मसात झाली. परंतु नगरवासीयांनी जुन्याच धर्तीवर वखारी पुन्हा उभारल्या. 1979 साली त्यांची गणना जागतिक वारशात झाली.

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम. तेथे 1628 साली ‘वासा’ नावाची शाही युद्धनौका पहिल्याच सफरीवर निघाली. तिचा वरचा भार फार आणि तळाशी वजन अपुरे. त्यामुळे वाऱ्याच्या झोताने ती कलली व बंदरातच बुडाली. पुढे 333 वर्षांनी, 1961 साली, ती पाण्याबाहेर काढण्यात आली. आज ते फसलेले जहाज पाहावयास जगभरचे लोक जातात. आपल्या पूर्वजांची चूकसुद्धा त्या लोकांनी जतन करून ठेवली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी सातासमुद्रापलीकडेच गेले पाहिजे असे मात्र नाही. एके काळी मुंबईहून निघालेली आगबोट कोकणची बंदरे घेत गोव्याकडे जात असे. मालवण, वेंगुर्ले येथे बोट दूर समुद्रात थांबे आणि उतारू पडावात बसून किनारा गाठीत. त्या आगबोटी आता राहिल्या नाहीत. पण बंदरे जेथल्या तेथे आहेत.

पहारा कोठून ठेवीत, याचे उत्तर मालवण देते. किनाऱ्यासमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी 1664 साली सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला. चहूकडे खारे पाणी असूनही किल्ल्यातील दूधबाव, साखरबाव व दहीबाव या विहिरींचे पाणी गोड आहे. 2025 साली या किल्ल्याचाही जागतिक वारशात समावेश झाला.

माल कोठे साठवीत, याचे उत्तर वेंगुर्ल्यास मिळते. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी येथे वखार घातली. गोव्यातील पोर्तुगीज हे त्यांचे प्रतिस्पर्धी. त्यांच्या हालचालींवर नजर ठेवण्यास वेंगुर्ले सोयीचे होते. काळाच्या ओघात त्या भक्कम वखारीची मोठी पडझड झाली.

आणि जहाजे कोठे लागत, या प्रश्नाचे उत्तर समुद्रापासून बरेच आत, तेरेखोल नदीच्या काठी वसलेले बांदा देते. वादळापासून सुरक्षित जागा म्हणून पूर्वी खाडीच्या आतील बंदरे पसंत केली जात. भरतीबरोबर गलबते आत येत, ओहोटीबरोबर बाहेर पडत. आदिलशाहीत बांद्याला आदिलाबाद असे नाव होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्त बार्बोसा या पोर्तुगीज प्रवाशाने आपल्या ग्रंथात या बंदराची नोंद केली आहे. पुढे जहाजे मोठी झाली. त्यांना खोल पाणी हवे झाले, आणि खाडीतील बंदरांचे दिवस सरले. आज बांद्याजवळून मुंबई-गोवा महामार्ग जातो. भरधाव जाणाऱ्या वाटसरूला येथे कधी काळी परमुलखाची जहाजे येत, याची कल्पनाही येत नाही.

बर्गनच्या वखारी जळून गेल्या, तरी त्या पुन्हा उभ्या राहिल्या; कारण त्या नगराच्या लोकांना त्यांची आठवण होती. दगडी भिंत पडली तर ती बांधता येते. परंतु ती कोणाची, कशासाठी बांधली, हेच लोक विसरले तर ती कोण बांधणार? म्हणून ज्या गावात नदीचा घाट आहे, जुना घुमट आहे, पडकी वखार आहे, त्या गावातील मुलांनी प्रथम आपल्याच किनाऱ्यावर उतरावे आणि ते तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे सांगणारी वडीलधारी माणसे गावात आहेत, तोवरच ते विचारलेले बरे.

स्वाध्याय

1. चाणाक्ष प्रवासी कोणते तीन प्रश्न विचारतो?
2. ‘वासा’ ही नौका का बुडाली?
3. खाडीच्या आतील बंदरांचे महत्त्व का कमी झाले?
4. आपल्या गावातील एका जुन्या वास्तूची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.