पिसांची दुलई धुवायला किती खर्च येतो?

न्यू जर्सीतल्या पहिल्या हिवाळ्यानंतर मी पिसांची दुलई, म्हणजे इथल्या भाषेत कम्फर्टर, घरच्या मशीनमध्ये धुतली. ड्रायर तासाभरात थांबला, कापड हाताला कोरडं लागलं, मी घडी घालून ठेवून दिली. चौथ्या दिवशी कपाट उघडलं तर भिजलेल्या कुत्र्यासारखा वास. दीडशे डॉलरची दुलई कचऱ्यात गेली. म्हणून हा हिशेब.

धुणं स्वस्त आहे. पैसे आणि वेळ जातात ते वाळवण्यात. वरचं कापड लवकर सुकतं, पण आत पिसांचे ओले गोळे झालेले असतात. ड्रायरचा ओलावा मोजणारा सेन्सर कापडालाच हात लावून 'झालं' म्हणतो. तेव्हा सेन्सरवर विसंबू नका. वेळ लावून, मंद आचेवर चालवा. मोठ्या दुलईला तीन तास सहज लागतात, कधी चार. सोबत दोन-तीन स्वच्छ टेनिसचे चेंडू टाका. गादी पिंजणाऱ्याची धनुकली कापसाचं जे करायची, ते काम इथे हे चेंडू करतात. दर अर्ध्या तासाने दुलई बाहेर काढून हाताने गोळे मोकळे करावे लागतात, म्हणजे तीन तास घरात अडकून पडण्याची तयारी हवी. दिव्यासमोर धरून पाहा: काळपट गाठी दिसल्या की आत पाणी आहे.

आता आकडे, सगळे अंदाजाचे, गावागणिक बदलणारे. घरी ड्रायरला सहा-सात युनिट वीज धरा. युनिट वीस सेंटचं असेल तर सव्वा ते दीड डॉलर. धुण्याचं पाणी, वीज, साबण मिळून आणखी दीडेक. म्हणजे तीन डॉलरच्या आसपास. लाँड्रोमॅटमध्ये मोठ्या वॉशरला दहाएक डॉलर मोजावे लागतात. ड्रायरला क्वार्टरमागे सहा मिनिटं मिळत असतील तर तीन तासांचे साडेसात. एकूण सतरा-अठरा. ड्रायक्लीनिंगवाला चाळीस-साठ सांगतो.

तरीही मी मोठ्या दुलईसाठी लाँड्रोमॅटच सुचवेन. कोरडी दुलई घातल्यावर ड्रममध्ये एक तृतीयांश जागा रिकामी राहत नसेल, तर ती घरच्या मशीनमध्ये नीट खळबळत नाही आणि साबण आतच राहतो. मधे खांब असलेलं टॉप लोड मशीन तर नकोच, शिवण उसवते. उशा मात्र घरीच धुवा, दोन-दोनच्या जोडीने, म्हणजे ड्रमचा तोल राहतो.

साबण नेहमीच्या निम्मा, सौम्य आणि एन्झाइम नसलेला. पिसं प्रथिनांची असतात आणि प्रथिनं तोडणारं एन्झाइम पिसालाही सोडत नाही. पिसांसाठीच्या खास साबणाची बाटली दहा-पंधरा डॉलरला मिळते आणि बरीच पुरते. फॅब्रिक सॉफ्टनर नको, पिसं चिकटतात. खळबळणं एकदा जास्तीचं लावा. आधी शिवण तपासा. छोटंसं भोक असेल तर मशीनभर पिसं होतात आणि ती वेचायला दुपार जाते.

खरी बचत खोळीत आहे. सुती खोळ दर पंधरा दिवसांनी धुतली तर आतली दुलई दोन वर्षांनी एकदा धुतली तरी चालते.

दुलई पुण्याला आई-बाबांकडे पाठवली असेल तर तिथे ड्रायर शोधत बसू नका. मेमध्ये मोठ्या टबात पायांनी तुडवून धुवा. ओली दुलई कोपऱ्याला धरून उचलू नका, पाण्याच्या वजनाने आतले खण फाटतात. खालून दोन्ही हातांनी उचला. मग गच्चीवर बाजेवर पसरा, वर पातळ चादर टाका, तासातासाने झटका. वीजबिल शून्य, पण दोन-तीन दिवस जातात, आणि संध्याकाळ व्हायच्या आत घरात आणावी लागते. जून लागला की हा बेत पुढच्या उन्हाळ्यावर ढकलायचा.