मयूर विहारच्या बागेत आयरिस आणि डे-लिली

प्रश्न : मयूर विहारमध्ये तळमजल्याच्या बागेत आयरिस आणि डे-लिली कधी, कशी लावावी?

उत्तर : दिल्लीच्या हवेत डे-लिली बिनधास्त लावावी, आयरिसची जात मात्र पारखून घ्यावी. काश्मीरमध्ये कबरींवर फुलणाऱ्या दाढीवाल्या आयरिसला लांब, कडक थंडी लागते. दिल्लीचा हिवाळा त्याला अपुरा पडतो आणि पावसाळ्यात त्याचे कंद कुजतात. हौसेने लावलाच, तर आडव्या कंदाची पाठ मातीवर उघडी ठेवावी. पूर्ण पुरला, की सडलाच. त्यापेक्षा डच आयरिसचे कंद नोव्हेंबरात सुमारे 10 सेंमी खोल लावावेत. वसंतात फुले येतात. पुढच्या वर्षी पुन्हा येतीलच असे नाही, म्हणून हे हंगामी फूलच समजावे.

डे-लिलीचे गड्डे ऑक्टोबरात किंवा फेब्रुवारीत, 45 सेंमी अंतरावर लावावेत. पाने आणि मुळे जुळतात तो गाभा मातीखाली जेमतेम 2-3 सेंमी असावा. यमुनेकाठची गाळाची माती पाण्याने थापली जाते, तेव्हा तिच्यात कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत भरपूर मिसळावे. सकाळचे ऊन हवेच, पण मे-जूनच्या लूमध्ये दुपारची सावली आणि मुळांशी आच्छादन हवे. प्रत्येक फूल एकच दिवस टिकते. दांड्यावरच्या कळ्या मात्र पाळीपाळीने उमलत राहतात. फुलून संपलेला दांडा बुडापासून छाटावा. कोवळ्या दांड्यांवर मावा दिसल्यास निंबोळी तेल फवारावे. तीन-चार वर्षांनी गर्दी झालेले गड्डे फोडून वेगळे लावावेत. घरात मांजर असेल तर डे-लिली टाळावी. तिचे कोणतेही अंग मांजराचे मूत्रपिंड निकामी करू शकते.